विश्लेषण : एका अमिनो आम्लाची अदलाबदल रक्तपेशीला विळ्यासारखी कशी वाकवते? सिकलसेलमागचे पेशीविज्ञान काय सांगते?

अकरावीच्या जीवशास्त्रात पेशीची रचना एका प्रकरणात येते आणि प्रथिने, मेद, कर्बोदके यांचे रसायनशास्त्र दुसऱ्या. विद्यार्थी दोन्ही पाठ करतात, आकृत्यांना नावे देतात. पण या दोन प्रकरणांचा एकमेकांशी संबंध काय, हे बहुतेकदा तसेच राहून जाते. विदर्भातील आणि नंदुरबार, धुळे भागातील अनेक घरांत हा संबंध एका कागदावर नोंदवलेला असतो. ‘एएस’ किंवा ‘एसएस’ अशी दोन अक्षरे असलेला हा कागद म्हणजे सिकलसेल तपासणीचा अहवाल.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यामुळे असे अहवाल हाती पडणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्यांतील अनेक जण शाळा-महाविद्यालयांत शिकणारे आहेत. अहवालातील दोन अक्षरांचा अर्थ लावायचा, तर पेशीच्या आत जे चालते ते समजून घ्यावे लागते.

पेशीला आकार कोण देते?

पेशी हा सजीवाचा सर्वात लहान जिवंत घटक, ही व्याख्या सर्वांना ठाऊक असते. पाठ्यपुस्तकातील आकृतीत ती एका गोल पिशवीसारखी दिसते. बाहेर पेशीपटल, मध्ये केंद्रक आणि भोवती तंतुकणिका, रायबोसोम, गॉल्गी पिंड वगैरे. आकृतीत न दिसणारी, पण सर्वात जास्त असलेली वस्तू म्हणजे पाणी. पेशीच्या वजनाचा सुमारे ७० टक्के भाग पाण्याचा असतो. पेशीतील बहुतेक रेणू कसे वागतील, हे त्यांचे पाण्याशी जमते की नाही यावर अवलंबून असते.

मटणाच्या रश्श्यावर तेलाचा तवंग येतो. कितीही ढवळले तरी तेलाचे थेंब पुन्हा एकमेकांना येऊन चिकटतात, कारण तेलाचे रेणू पाण्यात मिसळत नाहीत. पेशीपटल याच तत्त्वावर उभे असते. ते फॉस्फोलिपिड नावाच्या मेदाच्या रेणूंचे बनलेले असते. या रेणूच्या डोक्याला पाणी चालते, शेपटीला चालत नाही. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर, अशी दुहेरी भिंत आपोआप तयार होते. तिला कोणी गवंडी लागत नाही. तिची जाडी साधारण पाच ते दहा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास.

‘पाण्यापासून पळणारे रेणू एकमेकांना चिकटतात’ हे एवढे वाक्य लक्षात ठेवले तरी पुढचा सगळा आजार उलगडतो.

तांबड्या रक्तपेशीत केंद्रक का नसते?

माणसाची परिपक्व तांबडी रक्तपेशी त्या आकृतीत बसत नाही. तिच्यात केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत आणि रायबोसोमही नाहीत. अस्थिमज्जेत तयार होताना तिच्याकडे हे सगळे असते. हिमोग्लोबिन बनवण्याचे काम बरेचसे उरकले की ती केंद्रक बाहेर टाकते आणि रक्तात आल्यावर एक-दोन दिवसांत उरलेले रायबोसोमही नाहीसे होतात. निरोगी प्रौढाच्या शरीरात दर सेकंदाला अशा सुमारे २० लाख पेशी तयार होतात.

शिल्लक राहते ती मऊ, दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली चकती. व्यास सात ते आठ मायक्रोमीटर. आत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू ठासून भरलेले. तंतुकणिका नसल्याने ही पेशी ज्या प्राणवायूची वाहतूक करते, तो स्वतः वापरत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूतून फक्त दोन एटीपी एवढ्या तुटपुंज्या ऊर्जेवर ती सुमारे १२० दिवस काढते. मालवाहू गाडीने गाडीतलाच माल खाऊ नये, अशी ही व्यवस्था.

केंद्रक नसण्याचा आणखी एक फायदा म्हणजे लवचीकपणा. शरीरातील काही केशवाहिन्या या पेशीच्या व्यासापेक्षाही अरुंद असतात. त्यांतून जाताना पेशी दुमडते, लांबट होते आणि बाहेर पडल्यावर पुन्हा चकती होते. पेशीपटलाच्या आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते, ती यासाठी उपयोगी पडते. मात्र, या सोयीची किंमतही आहे. रायबोसोम नसल्याने आतील एखादे प्रथिन बिघडले तर नवे बनवता येत नाही. जे भरून आणले, त्यावरच चार महिने काढायचे.

हिमोग्लोबिनमध्ये नेमके काय बदलते?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. अमिनो आम्लांचे प्रमुख प्रकार २०. कोणत्या क्रमाने कोणते जोडायचे, याची सूचना डीएनएमध्ये ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली असते आणि तीन-तीन अक्षरांचा एक शब्द एका अमिनो आम्लाचे नाव सांगतो. केंद्रकातील या सूचनेची आरएनए स्वरूपातील प्रत बाहेर येते, रायबोसोम ती वाचतो आणि साखळी विणतो. साखळी मग स्वतःभोवती गुंडाळली जाते. इथेही तोच नियम लागू पडतो. पाणी नको असलेली अमिनो आम्ले शक्यतो आत दडतात, पाणी चालणारी बाहेर राहतात.

प्रौढांच्या हिमोग्लोबिनमध्ये अशा चार साखळ्या असतात. १४१ अमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि १४६ अमिनो आम्लांच्या दोन बीटा, म्हणजे एकूण ५७४. प्रत्येक साखळीत लोह असलेला एक हीम गट बसवलेला असतो आणि प्राणवायू त्या लोहाला धरतो.

बीटा साखळीची सूचना ११ व्या गुणसूत्रावर असते. सिकलसेलमध्ये तेथील ‘जीएजी’ या शब्दाचे ‘जीटीजी’ होते. मधले एक अक्षर बदलते, बाकी सगळे जसेच्या तसे. परिणामी बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. काही नव्या पुस्तकांत सहाव्याऐवजी सातवी जागा लिहिलेली आढळते. त्यात चूक नाही. साखळी विणताना सुरुवातीला लागणारे आणि नंतर कापून टाकले जाणारे मिथिओनिन मोजायचे की नाही, एवढाच तो फरक आहे.

१४६ पैकी एक बदलले तर एवढे काय बिघडले, असे वाटू शकते. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात सुखाने राहते. व्हॅलिनवर भार नसतो आणि त्याला पाणी नको असते. शिवाय ही सहावी जागा आत दडलेली नाही, ती रेणूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. म्हणजे तेलाचा एक ठिपका उघड्या पाण्यात येऊन बसतो.

मग पेशी विळ्यासारखी कशी होते?

फुप्फुसांत हिमोग्लोबिन प्राणवायू घेते तेव्हा काहीच बिघडत नाही. अडचण प्राणवायू सोडल्यानंतर सुरू होते. प्राणवायू सोडला की हिमोग्लोबिनचा रेणू आपला आकार थोडा बदलतो आणि बीटा साखळीवर एक खोबण उघडी पडते. या खोबणीलाही पाणी नको असते. शेजारच्या रेणूवरील व्हॅलिन तिच्यात नेमके बसते. त्या रेणूला तिसरा चिकटतो, तिसऱ्याला चौथा. अशा १४ सरी एकमेकींभोवती पिळल्या जाऊन ताठ दोरखंड तयार होतात. पेशीभर असे दोरखंड ताणले गेले की चकती लांबते, वाकते आणि विळ्यासारखी दिसू लागते. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात, त्यावरून आजाराचे नाव पडले.

पेशी फुप्फुसांत परतली की प्राणवायू मिळून दोरखंड विरघळतात आणि पेशी पुन्हा गोल होते. पण हे वारंवार घडल्याने पेशीपटलाला इजा होते, त्यातून पाणी आणि पोटॅशिअम बाहेर जाऊ लागते. पाणी कमी झाले की आतील हिमोग्लोबिन अधिक दाट होते आणि दाट हिमोग्लोबिनमध्ये दोरखंड फार लवकर तयार होतात. शेवटी काही पेशी कायमच्या वाकलेल्याच राहतात.

रुग्णांना ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला दिला जातो तो यामुळे. तो ऐकायला घरगुती वाटतो, पण त्यामागे पेशीच्या आतील दाटपणाचे थेट गणित आहे. उन्हात राबणे, ताप, जुलाब, कडाक्याची थंडी, अति श्रम यांनी त्रास वाढतो, त्यामागेही पाणी, प्राणवायू आणि रक्तप्रवाहाचा वेग हीच कारणे असतात.

शरीरावर याचे परिणाम काय?

ताठ झालेल्या पेशी केशवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य वेदना होतात. याला ‘सिकलसेल क्रायसिस’ म्हणतात. लहान बाळांत अनेकदा हातापायांची बोटे सुजणे हे पहिले लक्षण असते. प्लीहा ही रक्त गाळणारी ग्रंथी लहान वयातच निकामी होऊ लागते, त्यामुळे न्यूमोकोकससारख्या जिवाणूंचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणूनच रुग्ण बालकांना लसी आणि पेनिसिलिन वेळेवर मिळणे महत्त्वाचे ठरते. मुलाला ताप आला तर ‘उद्या बघू’ म्हणून थांबून चालत नाही.

१२० दिवस जगणारी पेशी या आजारात साधारण १० ते २० दिवसांतच नष्ट होते. अस्थिमज्जा कितीही वेगाने पेशी बनवत असली तरी तूट भरून निघत नाही आणि रक्तक्षय होतो. येथे एक गल्लत नेहमी होते. रक्त कमी म्हणजे लोह कमी, असे गृहीत धरून घरोघरी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या जातात. सिकलसेलमध्ये लोह मुळात कमी नसते, पेशी लवकर फुटतात. लोहाची कमतरता तपासणीत दिसली तरच त्या गोळ्या द्यायच्या असतात. नव्या पेशी सतत बनत असल्याने गरज असते ती फॉलिक ॲसिडची.

हे सगळे समजले कसे?

शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका रुग्णाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. हा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता. पेशी वाकतात हे दिसले, पण का वाकतात हे कळायला आणखी जवळपास ४० वर्षे गेली.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तीचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात सोडले. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकली, म्हणजे दोघांवरील विद्युतभार वेगळा होता. एखादा आजार एका रेणूतील बिघाडामुळे होतो, हे त्यातून प्रथमच स्पष्ट झाले. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी हिमोग्लोबिनचे ट्रिप्सिन या विकराने सुमारे ३० तुकडे केले आणि ते कागदावर पसरवले. दोन्ही नमुन्यांचे ठिपके जुळले, फक्त एक सोडून. त्या एका ठिपक्यात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन असल्याचे त्यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. डीएनएची अक्षरे वाचण्याचे तंत्र तेव्हा अस्तित्वातही नव्हते. हे लक्षात घेतले, तर त्या कागदावरच्या ठिपक्यांचे मोल कळते.

भारतात या हिमोग्लोबिनची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगराळ भागातील आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्रात पूर्व विदर्भ आणि सातपुड्याचा पट्टा येथे त्याचे प्रमाण अधिक आहे.

याच भागांत का?

याचे उत्तर मलेरियात आहे. दोनपैकी एकच सिकल जनुक असलेल्यांना तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले. जंगलपट्ट्यांत पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, तेथे असे लोक तगले आणि जनुक टिकले. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा परिसर आणि भारत, सगळीकडे हीच कथा आहे. त्यामुळे सिकलसेल हा ‘अमुक जातीचा’ आजार आहे, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्रात तो आदिवासी समाजांबरोबरच इतर समाजांतही आढळतो.

उपचार कोठे येऊन पोहोचले आहेत?

सिकलसेल असलेले बाळ पहिले काही महिने ठणठणीत असते. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि त्या सिकल हिमोग्लोबिनच्या दोरखंडात सामील होत नाहीत. जन्मानंतर सुमारे सहा महिन्यांत गॅमाची जागा बीटा घेते आणि त्रास सुरू होतो. मग गॅमाचे उत्पादन पुन्हा वाढवता आले तर?

हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा मुख्य उपयोग तोच आहे. ते गर्भातील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि क्रायसिसची वारंवारता कमी करते. त्यासाठी नियमित रक्ततपासणी आणि डॉक्टरांची देखरेख लागते. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी सल्ला घ्यावा लागतो. वेदना थांबल्या म्हणून गोळी मध्येच सोडून देणे, हे मात्र धोक्याचे.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने ‘कॅसगेव्ही’ या जनुक-संपादन उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी काढून, गॅमा साखळी बंद ठेवणाऱ्या जनुकाचा भाग क्रिस्पर तंत्राने कापला जातो आणि पेशी पुन्हा शरीरात सोडल्या जातात. चुकलेले अक्षर येथे दुरुस्त केले जात नाही, बंद झालेला जुना कारखाना पुन्हा सुरू केला जातो. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठरवण्यात आली. गडचिरोलीतल्या रुग्णासाठी आज खरा आधार हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आणि वेळेवर मिळणारे रुग्णालय हाच आहे.

अहवालातील ‘एएस’ आणि ‘एसएस’ यांचा अर्थ काय?

शिबिरात पहिली चाचणी असते ती सोल्युबिलिटीची. रक्ताचा थेंब एका रासायनिक द्रावणात टाकतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागील रेषा दिसत नाहीत. मात्र, ही चाचणी एक जनुक की दोन, हे सांगत नाही. ती ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे आजार झाला, असे नव्हे. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे पॉलिंग यांनी वापरलेलेच तत्त्व, किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी करावी लागते. सहा महिन्यांखालील बाळांत गर्भातील हिमोग्लोबिन जास्त असल्याने सोल्युबिलिटी चाचणीवर विसंबता येत नाही.

‘एएस’ म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सिकल जनुक आलेले, म्हणजेच वाहक. त्यांच्या प्रत्येक तांबड्या पेशीत दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि सिकल हिमोग्लोबिनचा वाटा निम्म्याहून कमी असतो. त्यामुळे नेहमीच्या जगण्यात दोरखंड तयार होत नाहीत. वाहक व्यक्ती रुग्ण नसते, तिला उपचार लागत नाहीत. अतिउंचावर किंवा शरीरातील पाणी फार कमी झालेले असताना कमालीचे श्रम करणे, अशा टोकाच्या स्थितीतच काळजी घ्यावी लागते. ‘एसएस’ म्हणजे दोघांकडूनही सिकल जनुक आलेले, म्हणजेच रुग्ण.

दोन्ही पालक ‘एएस’ असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्हींपैकी काहीही नसण्याची २५ टक्के असते. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुरक्षित’ असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. शिवाय या गणितात आईचा आणि वडिलांचा वाटा सारखाच असतो. तरीही मूल आजारी निघाले की सुनेच्या माहेरकडे बोट दाखवले जाते, मुलीचा अहवाल लग्न ठरेपर्यंत लपवला जातो. अहवालाचा उपयोग नेमका उलट आहे. एक जोडीदार वाहक आणि दुसरा ‘एए’ असेल, तर त्यांच्या मुलांना ‘एसएस’ आजार होत नाही.

दोघेही वाहक असतील तर गर्भधारणेपूर्वी समुपदेशन आणि गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी, हे पर्याय मोठ्या रुग्णालयांत उपलब्ध असतात.

यात अनेकदा सुटणारी बाब म्हणजे थॅलेसेमिया. एक जोडीदार सिकलसेलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरीही मुलाला सिकलसेलसारखाच गंभीर आजार होऊ शकतो. सोल्युबिलिटी चाचणीचा निकाल ‘निगेटिव्ह’ असला तरी तिच्यातून थॅलेसेमियाबद्दल काहीच कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी अहवालातील ‘एचबीए-२’ समोरचा आकडा डॉक्टरांकडून तपासून घ्यावा लागतो.